दोन इंच माया

मी भोरहून निघाले त्या सकाळी आई मशीनवर बसली होती. मुंबईला नेणारी गाडी साडेनऊला येणार होती. बाबा बॅगेला काटा अडकवून ती चौथ्यांदा उचलून बघत होते, शेजारच्या काकू डब्यात चिवडा दाबून भरत होत्या आणि मी जुन्या गाऊनमध्ये नुसती उभी होते, कारण प्रवासात घालायचा मोरपंखी ड्रेस अजून आईच्या हातात होता.

खरं तर तो आदल्या दिवशीच शिवून झाला होता. मी घालून बघितला तर ढगळ. आई म्हणाली, "राहू दे, आत्ता नुसती कडेची टीप मारलीय." सकाळी तिने त्याच शिवणीच्या आत, थोडं अंतर ठेवून, दुसरी टीप मारली. मग तिच्याही आत तिसरी. तिसऱ्या टिपेनंतर ड्रेस मला नेमका बसला.

"तीन-तीन कशाला?" मी विचारलं.

"तिकडं जाऊन जाड होशील. झालीस की आतली एक टीप उसव. मग दुसरी. सगळ्या एकदम उसवू नकोस."

"आणि नाही झाले जाड तर?"

"होशील. सगळ्याच होतात."

"मला तर मशीनला हात लावायचा नाही म्हणतेस."

"उसवायला मशीन कशाला लागतं?" ती म्हणाली आणि ड्रेस माझ्या अंगावर टाकला. "जा, घाल."

शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला शिवणकामात माया म्हणतात. ज्यांच्या घरी मशीन नाही त्यांनाही हा शब्द ब्लाऊजच्या निमित्ताने माहीत असतो. बायका टेलरला विचारतात, "आत माया आहे ना?" साधारण इंचभर सोडतात. माझ्या ड्रेसला आईने दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सोडली होती. गिऱ्हाइकाच्या कापडात एवढी कधी निघत नाही.

गाडीत बसायच्या आधी मी तिच्या पाया पडले. आता ती रडेल असं मला वाटलं. तेवढ्यात तिला माझ्या खांद्यावर एक सुटा दोरा दिसला. तो तिने दातांनी तोडला, बोटाने शिवण दाबून बघितली, आणि बाबा म्हणाले, "चला, उशीर होतोय."

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. बाबा एसटी डेपोत मेकॅनिक आहेत, त्यांची दहावी राहिली ती राहिलीच. आईने नववीत शाळा सोडली. का, ते तिने कधी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आमच्या गल्लीत तिच्या वयाच्या बऱ्याच बायकांनी नववीतच शाळा सोडली होती, त्यामुळे त्यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही.

बाहेरच्या खोलीत तिचं पायमशीन, बाजूला कापायचं टेबल आणि टेबलाखाली माझी अभ्यासाची जागा. मला मोठ्याने वाचायची सवय तिथेच लागली, कारण मनात वाचलं तर मशीनचा आवाज वरचढ व्हायचा. धडा वाचताना मी थांबले की मशीनही थांबायचं. वरून आवाज यायचा, "पुढं?"

तिचा एकच नियम होता. मी मशीनवर बसायचं नाही. दिवाळीच्या आधी कामाचा डोंगर व्हायचा तेव्हा ती मला हुक लावायला द्यायची, तेवढंच. एकदा सातवीत असताना ती बाजारात गेल्यावर मी एक उशीचा अभ्रा शिवला. सरळ टीप आली होती. कौतुक होईल म्हणून मी तो तिला दाखवला. तिने तो उलटा करून नीट बघितला, "चांगली आलीय" म्हणाली, आणि मग मशीन फिरवणारा पट्टा काढून कपाटात ठेवला. त्यानंतर घराबाहेर जाताना ती नेहमी पट्टा काढून ठेवायची. दहावीला मला चांगले मार्क पडले तेव्हाही.

मला वाटायचं तिला या कामाची लाज वाटते. किंवा तिची मान दुखायची, डोळ्यांतून पाणी यायचं, ते मला भोगायला लागू नये असं तिला वाटत असेल. पण नुसतं बघूनही माणूस शिकतं. टेबलाखाली बसून मला तिचे हात दिसायचे नाहीत, पाय दिसायचे. गळा आला की पाय हळू व्हायचे. बाही आली की मध्येच थांबायचे. ब्लाऊज कुठवर आला आहे हे मी न बघता सांगू शकत होते.

न्यूझीलंडला, हॅमिल्टनला आले त्याला आता तीन वर्षं होतील. मी फूड टेक्नॉलॉजी शिकते. सुट्टीच्या दिवशी आणि दोन संध्याकाळी 'ते रापा' नावाच्या भागात एका गोदामात पॅकिंगचं काम करते. हे आईला माहीत आहे. तिथून जवळच दुधाची मोठी फॅक्टरी आहे. आमच्या वर्गाला एकदा ती दाखवायला नेलं होतं. केसांवर जाळी आणि पायांत पांढरे बूट घालून काढलेला माझा फोटो बाबांनी डेपोत सगळ्यांना दाखवला.

पहिल्या वर्षी माझ्या एका पँटची शिवण सुटली. कोपऱ्यावरच्या डेअरीत गेले. डेअरी म्हणजे इथलं किराणा दुकान. आईला हे अजून पटत नाही, ती विचारते, "मग दूध कुठं मिळतं?" तर त्या डेअरीत दूध, ब्रेड, जँडल्स नावाच्या रबरी चपला, बर्थडेच्या मेणबत्त्या असं सगळं होतं, फक्त दोरा नव्हता. भोरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिळांचं दुकान आहे. कापडाचा तुकडा दाखवला की तो माणूस डोळे बारीक करून त्याच रंगाचं रीळ काढून देतो. मी इथे त्या काउंटरसमोर उभी राहिले आणि मला एकदम रडू आलं. एका दोऱ्यासाठी. विमानतळावर आलं नव्हतं.

काउंटरवरचा गृहस्थ घाबरला. "यू ऑल राइट? ऑप शॉपमध्ये बघ, चर्चच्या मागे," असं त्याने सांगितलं. ऑप शॉप म्हणजे लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तूंचं दुकान. तिथे दोऱ्याची एक बरणीच होती, आणि बरणीच्या मागे एक हिरवं, लोखंडी, विजेवरचं शिलाई मशीन. मी त्याच्या चाकावर हात ठेवला. दुकान सांभाळणाऱ्या आजी, जून त्यांचं नाव, उठून आल्या आणि इथला माओरी नमस्कार घातला.

"किया ओरा, डार्लिंग. शिवतेस?"

"नाही," मी म्हणाले. मग म्हणाले, "माझी आई शिवते."

त्यांनी मशीनची वायर लावून दिली, एक चिंधी दिली. मी पायपट्टीवर पाय ठेवला आणि मशीन जे सुसाट सुटलं ते चिंधी संपून पुढे गेलं. जून हसल्या. "इट गोज हीप्स फास्ट!" हीप्स म्हणजे इथे खूप. पाय पुढे-मागे हलताना बघायची सवय माझ्या डोळ्यांना होती आणि इथे नुसता दाबायचा होता. दुसऱ्या वेळी दमाने दाबला. सरळ टीप आली. जूननी ती उजेडात धरली. "यू आर अ मेकर," असं म्हणाल्या.

मेकर हा शब्द मला आवडला, पण तो मला लागू होतो का ते कळलं नाही. इथे लायब्ररीत बुधवारी बायका-पुरुष विणायला जमतात, एकमेकांना क्रिएटिव्ह म्हणतात. भोरला आईला कोणी कधी कलाकार म्हटलं नाही. "हात चांगला आहे" एवढंच म्हणायचे, आणि तेही ब्लाऊज वेळेवर मिळाला तर.

मशीन मी बसने घरी आणलं, मांडीवर घेऊन. आईला सांगितलं नाही. नंतर सांगू असं ठरवलं. खूप वेळा फोनवर शब्द तोंडापर्यंत आले होते.

मृणालताईंची ओळख मराठी मंडळाच्या संक्रांतीला झाली. त्या रोटोटुनाला राहतात, पुण्याच्या, दोघं नवरा-बायको आयटीत. आठ वर्षांची मुलगी आहे, ईरा. मी एकदा त्यांच्या साडीचा सुटलेला फॉल हातशिलाईने लावून दिला, आणि पुढच्या आठवड्यात त्या त्यांच्या लग्नातला ब्लाऊज घेऊन आल्या.

"शुभा, हा मागून जोडलाच जात नाही गं. चार बोटं उघडा राहतो."

"किती वर्षं झाली?"

"लग्नाला अकरा. पण हे सगळं इथल्या बटरने केलंय, माझा काही दोष नाही."

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मी ब्लाऊज उलटा केला. टेलर चांगला होता. त्याने इंचभर माया सोडली होती आणि दोन टिपा मारल्या होत्या. मी ब्लेडने आतली टीप उसवायला लागले, तशी ईरा ओरडली, "आई! शुभा मावशी इज कटिंग युअर वेडिंग ब्लाऊज!"

"कापत नाहीये गं, उसवतेय."

"व्हॉट्स द डिफरन्स?"

मी तिला जवळ बोलावून शिवण उघडून दाखवली. बाहेरून ब्लाऊज फिकट विटकरी झाला होता. आत, जिथे अकरा वर्षांत ऊन लागलं नव्हतं की घाम लागला नव्हता, तिथे कापड लालभडक होतं. मृणालताई वाकून बघायला लागल्या. "अगं, हा असा होता," त्या म्हणाल्या. "मी विसरलेच होते, हा असा लाल होता." थोडा वेळ त्या त्या पट्टीवरून नुसतं बोट फिरवत राहिल्या.

मग ही बातमी पसरली. इथे आल्यावर प्रत्येकीचा ब्लाऊज घट्ट होतो आणि तो उसवून देणारं कोणी जवळ नसतं. नाशिक, ठाणे, सांगली, सगळीकडच्या टेलरांचे हात मी आतून बघितले. एकाने तर मायाच सोडली नव्हती, त्याच्यावर आम्ही सगळ्या मिळून चिडलो. मी पैसे घेत नव्हते. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही, आणि मला ते नकोही होतं. बायका डबे आणायच्या, गाडीने सोडायच्या. पहिल्यांदाच माझी वाट बघणारी माणसं या गावात होती.

जूनना मी एकदा विचारलं, मायेला इंग्रजीत काय म्हणतात. "सीम अलाउन्स," त्या म्हणाल्या. अलाउन्स म्हणजे भत्ता हे मला बाबांच्या पगाराच्या चिठ्ठीमुळे ठाऊक होतं. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की आमच्याकडे त्याला जो शब्द आहे तोच आई मुलावर करते त्याला आहे. त्यांनी विचारलं, "सेम वर्ड?" मी म्हटलं, हो. त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. मला वाटतं मी नीट सांगू शकले नसेन.

गेल्या दिवाळीला मंडळाच्या कार्यक्रमात सात जणींचा नाच बसवला होता. मृणालताई म्हणाल्या, सगळ्यांनी खणाचे ब्लाऊज घालायचे, मागे नाडी आणि गोंडे. खण भारतातून मागवला. शिवणार कोण? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्याआधी कधी अख्खा ब्लाऊज बेतून शिवला नव्हता. मी हो म्हणाले.

इथे विषयाला पेपर म्हणतात. माझे चार पेपर होते आणि त्यांतला स्टॅटिस्टिक्स मला जड जात होता. दिवाळी आणि परीक्षा एकाच पंधरवड्यात आल्या. मी वेळापत्रक केलं होतं, ते भिंतीवर होतं. पण बाहीला गोलाई देताना जे एक समाधान मिळतं ते स्टॅटिस्टिक्समध्ये मिळत नव्हतं, आणि मी रोज म्हणायचे की एवढी बाही झाली की बसते. पहिला ब्लाऊज दोनदा उसवला. दुसऱ्यापासून हात बसला. सातवा झाला तेव्हा परीक्षा तीन दिवसांवर होती आणि मी शेवटच्या तीन प्रकरणांना हातच लावला नव्हता.

नाच छान झाला. शेवटी सातही जणी प्रेक्षकांकडे पाठ करून, मान वळवून उभ्या राहतात तेव्हा टाळ्या पडल्या. मी फोटो काढला आणि उत्साहात आईला पाठवला. खाली लिहिलं, "आमच्या मंडळाची दिवाळी." तिला वाटावं की इथे आपली माणसं आहेत, एवढाच माझा हेतू होता. आपण काय पाठवतो आहोत हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

आता गोंड्यांचं सांगायला हवं. पाठीवरची नाडी बांधली की एक गोंडा वर राहतो आणि एक खाली लोंबतो, सगळ्या ब्लाऊजांचं असंच असतं. आईचं म्हणणं होतं की बायका उजव्या हाताने फास ओढतात म्हणून उजवीकडची नाडी आखूड पडते. त्यामुळे ती उजवी नाडी चार बोटं जास्त कापते. हातात धरून बघितलं तर चूक वाटते. नवीन गिऱ्हाइकं परत आणायची, "ताई, एक नाडी लांब झालीय." आई म्हणायची, "बांधून तर बघा." बांधली की दोन्ही गोंडे एका रेषेत. भोरमध्ये दुसरं कोणी असं करत नाही. मीही विचार करून केलं नव्हतं. नाडी कापायला घेतली आणि चार बोटं मोजली.

फोटोत सात पाठी होत्या आणि चौदा गोंडे एका रेषेत लोंबत होते.

दुसऱ्या दिवशी आईचा आवाजी मेसेज आला. "फोटो बघितला. छान आहे. गोंडे सगळे सारखे कसे गं?" बस, एवढाच.

मी त्याला उत्तर दिलं नाही. कामात आहे, परीक्षा आहे, असं लिहीत राहिले. मग डिसेंबरात निकाल आला. तीन पेपर पास आणि स्टॅटिस्टिक्समध्ये डी. डी म्हणजे नापास. तो पुन्हा द्यावा लागणार, आणि व्हिसा वाढवताना अभ्यास नीट चालू आहे हे दाखवावं लागतं, ते कसं दाखवणार हे मला माहीत नव्हतं. आईने इतकी वर्षं ज्यासाठी मशीनचा पट्टा काढून ठेवला होता, ते मी हातानं घालवलं होतं, आणि तेही मशीनवर बसून.

इथले संध्याकाळचे सात, तिकडे सकाळचे साडेअकरा. डिसेंबर म्हणजे इथला उन्हाळा, बाहेर लख्ख ऊन होतं. मी फोन लावला. मागे मशीन चालू होतं.

"आई, ते ब्लाऊज मी शिवले."

मशीन चालूच राहिलं. "माहीत आहे. सगळे?"

"सात."

"मशीन कुणाचं?"

"माझं. दोन वर्षं झाली."

मशीन थांबलं. "आणि पेपर?"

"एक गेला."

"गेला म्हणजे? चांगला गेला?"

"नाही. गेला म्हणजे... नापास झाले."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. फोन कट झाला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"मी नववीत होते," ती म्हणाली. "शाळेचा नवा गणवेश निघाला. तुझ्या आजोबांकडे शिवायला द्यायला नव्हतं, म्हणून मी चुलतीच्या मशीनवर माझा मीच शिवला. चांगला झाला. मग शेजारच्या तीन पोरींनी त्यांचे माझ्याकडून शिवून घेतले. तुझे आजोबा खूश झाले. म्हणाले, हिच्या हातात कसब आहे, आता शाळेची काय गरज? दिवाळीनंतर मला शाळेत पाठवलंच नाही. त्या तिघी दहावीला बसल्या. मी शिवलेला गणवेश घालून बसल्या."

"माझं चांगलं झालं नसतं ना, तर मला शिकवलं असतं," ती म्हणाली. "तुझा अभ्रा बघितला आणि पट्टाच काढला मी. इतकी सरळ टीप होती."

"आई, सॉरी."

"ते मशीन देऊन टाक."

मी हो म्हणायला हवं होतं. तिचं बरोबर होतं, मी नापास झालेच होते. पण मी म्हणाले, "मला आवडतं गं ते. अभ्यासापेक्षा जास्त आवडतं असं नाही. पण आवडतं."

मागून कोणा बाईचा आवाज आला, "ताई, आहात का?" आई म्हणाली, "गिऱ्हाईक आलंय," आणि फोन ठेवला.

चार दिवस काही नाही. रोज येणारा जेवलीस का हा मेसेजसुद्धा नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "फोटो मोठा करून करून बघतेय. तुमचं तुम्ही बघा, मला त्यातलं काही कळत नाही." मी हिरव्या मशीनवर चादर टाकली. मृणालताईंना सांगितलं की मी आता शिवणार नाही. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आम्हीही काही विचारलं नाही गं. आम्हाला ब्लाऊज हवे होते."

पाचव्या दिवशी आईचा आवाजी मेसेज आला. तो मी जपून ठेवला आहे. ती वाचून दाखवल्यासारखी सावकाश बोलत होती.

"डावीकडून तिसरी जी बाई आहे, तिला मुंढ्यात, काखेपाशी खेचतंय. हात वर केला की ब्लाऊज वर चढत असेल तिचा. तिथं अर्धा इंच खाली उतरवायचं. शेवटच्या बाईचा गळा रुंद झालाय, खांद्यावरून घसरणार. बाकीचे बरे आहेत. मधल्या ताईचा चांगला झालाय. गोंडे चांगले आहेत." मग कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज. "आधी तो पेपर दे. शिवायचं असलं तर आठवड्यातला एक दिवस. आणि दिवसाला पण थोडी माया ठेवत जा, शुभे. अगदी कडेला टीप मारतेस तू. मग काही झालं तर उसवायला जागाच राहत नाही."

मी तो मेसेज बसमध्ये ऐकला. एकदा ऐकला, मग परत लावला आणि वहीत लिहून घेतलं: तिसरी, मुंढा, अर्धा इंच.

या वर्षी स्टॅटिस्टिक्स पुन्हा घेतला आहे. परीक्षा झाली, निकाल यायचा आहे. या वेळी एकही प्रकरण सोडलं नाही. आईच्या सांगण्यावरून मी परत मोठ्याने वाचायला लागले. शेजारच्या खोलीतला मुलगा एकदा दार वाजवून विचारून गेला, "यू गुड?" मी म्हणाले, "स्वीट अॅज," म्हणजे इथल्या बोलीत एकदम मस्त. फोन चालू ठेवून वाचलं की तिकडून मशीनचा आवाज येतो. तिला इंग्रजी कळत नाही, पण मी अडखळले की मशीन थांबतं.

शनिवारी मी मृणालताईंच्या गॅरेजमध्ये जाते. आता मी शिवून देत नाही. ज्यांना हवं त्यांना शिवण उसवायला आणि परत टीप मारायला शिकवते. जून एकदा आल्या होत्या, त्यांच्या सुनेचा कोट घेऊन. सात जणींतल्या तिसऱ्या, ज्यांचं मुंढ्यात खेचत होतं, त्यांनी स्वतः ते नीट केलं. ईरा शिवणी उलटून बघते आणि जाहीर करते. मागच्या आठवड्यात तिने कोणाचा तरी जरीचा ब्लाऊज उघडला आणि ओरडली, "शुभा मावशी, देअर्स हीप्स ऑफ माया इन धिस वन!" मृणालताई हसता हसता खुर्चीवर बसल्या. ईराला मायेचा दुसरा अर्थ अजून माहीत नाही. तो तिला कोणी सांगायचा यावर आमचं एकमत झालेलं नाही.

लोक विचारतात, घरची आठवण येते का. पूर्वी घर म्हटलं की मला टेबलाखालची जागा आठवायची. आता ती जागा तिथे आहे तशी असेल, पण मी तिच्यात मावणार नाही. आता घर म्हटलं की मला आवाज ऐकू येतो, मी चुकले की थांबणारा. तो हॅमिल्टनमध्येही येतो. यापेक्षा बरं मला सांगता येत नाही.

गेल्या रविवारी मोरपंखी ड्रेस काढला. घालायला गेले तर काखेखाली अडकला. आई म्हणाली होती तशी झाले आहे. तो टेबलावर उलटा पसरला, ब्लेड घेतलं आणि आतली टीप उसवली, एकेक टाका. बाहेरचं कापड धुऊन धुऊन फिकं झालं आहे. आत दोन्ही बाजूंना बारीक रेघ निघाली, गाडीत बसले त्या सकाळच्या रंगाची. इस्त्री केली आणि घातला. नेमका बसला.

अजून दोन टिपा शिल्लक आहेत.